पाहुण्यांसाठी भरवलेला नसाब

सोमला, तुला जाऊन अकरा दिवस झाले. चांद्या अजून दिवस कलला की दावं ओढून तुझ्या अंगणात जाऊन उभा राहतो. आठ वर्षं झाली, बैल म्हातारा झाला, दात झिजले, पण हे काही सोडत नाही. मी रोजच्यासारखा आणायला जातो. तू खाटेवर नसतो. भोजाई, तुझी घरवाली, चुलीपाशी बसलेली असते, ती माझ्याकडे पाहत नाही. दावं धरतो आणि घेऊन येतो. तुझं दार ते माझं दार चाळीस पावलं. पहिले एवढं यायला मला तास लागायचा, कारण मधे तू असायचा आणि तुझी तमाखू असायची. आता लगेच परततो.

माझी शाळा दुसरीपर्यंत. पुढचं लिहिणं-वाचणं ग्रामसेवक गावंडे साहेबांच्या प्रौढ वर्गात झालं. तू त्या वर्गात दोन दिवस आला, पाटीकडे पाहिलं आणि म्हणाला, "हरचंद, हे किडे तूच पकड बे, मी बैलं पाहतो." तेव्हा हा कागद तुला असता तरी वाचता आला नसता. तरी लिहून राहिलो. काहून, ते शेवटी सांगतो. आपण सारी उमर आपल्या तांड्याच्या गोर बोलीत बोललो, पण ती बोली मला लिहिता येत नाही, म्हणून मराठीत.

आपला जिल्हा मुंबई राज्यात गेला त्याच्यानंतरची दोन-तीन वर्षं होती. गावंडे साहेब फुलसावंगीहून सायकल दामटत आले आणि खाली उतरायच्या आधीच म्हणाले, "थावरा नाईक, अमेरिकेचे पुढारी येऊन राह्यले आपल्याकडे."

"लढाई हाय का?" आपल्या तांड्याच्या नाईकांनी विचारलं.

"लढाई कायची! शिकायले येऊन राह्यले. तिकडे त्यातला कोणी शहराचा मुख्य आहे, कोणी शाळांचा साहेब, कोणी पेपर चालवते. सहा आठवडे भारत पाहतीन आणि मग परत जाऊन आपल्या लोकांले सांगतीन, भारत काय आहे ते."

तू नाईकांच्या मागं बसून दोर वळत होता. म्हणाला, "सहा आठवड्यात? मले पन्नास वर्षांत हा तांडा नाई समजला."

साहेबांनी तुझ्याकडे लक्ष दिलं नाही. ते म्हणाले, त्यांची दिल्ली पाहून झाली, ताजमहाल झाला, धरण झालं, आता त्यांना खेडं पाहायचं आहे. खेड्यात पोलिसाशिवाय न्याय कसा होतो ते पाहायचं आहे. म्हणून तुमचा नसाब दाखवा.

नसाब म्हणजे आपल्या तांड्याची न्यायाची बैठक. नाईक, कारभारी आणि चार जाणते पांढऱ्या झेंड्याखाली बसतात आणि जे ठरवतात ते ठरतं. कोर्टात हरलेला माणूस वरच्या कोर्टात जातो. नसाबाच्या वर कोणी नाही.

"भांडण नाई तर नसाब कायचा?" नाईक म्हणाले.

"एखादं लावून द्या ना, लहानसं. एका तासाचं काम. मी बीडीओ साहेबांले शब्द देऊन बसलो." मग आवाज खाली करून म्हणाले, "आणि तुमच्या विहिरीचा कागद त्यांच्याच टेबलावर आहे, नाईक."

विहिरीचं नाव निघाल्यावर नाईकांनी मान डोलावली. भांडण कोण करणार हे कोणी विचारलं नाही. सगळा तांडा आपल्या दोघांकडेच पाहायला लागला. दिवसभर आपण भांडतच असायचो ना, पाऊस पडेल का नाही यावरसुद्धा.

गावंडे साहेबांनी सगळं कागदावर लिहिलं. हरचंदनं म्हणायचं, सोमलाचा चांद्या बैल माझा आहे. सोमलानं म्हणायचं, नाही, माझा आहे. हरचंदजवळ पुरावा नाही. हरचंद हरला, नाईकांच्या पाया पडला, दोघं गळ्यात पडले, चहा. माझा लाख्या त्याच वैशाखात मेला होता, गोठ्यात एकच बैल उरला होता. साहेब खूष होऊन म्हणाले, "हे बरं झालं. तुमचा बैल मेलाच आहे, म्हणजे खरं वाटन."

मला बरं वाटलं नव्हतं.

पाहुणे आले दोन जीप आणि एका मोटारीत. दहा-बारा जण. पिण्याचं पाणी सोबत आणलं होतं. आपल्या बायकांनी त्यांना ओवाळलं. सतरंजीवर मांडी घालून बसले, त्यात एक चांगला लठ्ठ होता, त्याला नंतर उठताच येईना. तू मला म्हणाला, "याले उठवायले लोखंडाची सब्बल पायजे." नागपूरहून आलेल्या दुभाषी बाईनं विचारलं, हे काय म्हणाले? गावंडे साहेब बोलले, स्वागत करून राह्यले. लठ्ठ माणसानं तुला हात जोडले. तूही जोडले.

त्यांनी पुष्कळ विचारलं. तुम्ही मूळचे कुठले, जमीन कधी घेतली, देव किती, मत कोणाला देता. नाईकांनी सांगितलं की आमचे बाप-आजे बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून मुलूखभर फिरायचे, सडका झाल्या, रेल्वे आली, धंदा गेला आणि आम्ही इथं बसलो. ते सगळं त्यांनी वहीत घेतलं. तुझा नांगर उचलून पाहिला. खोटं कशाला बोलू, माणसं वाईट नव्हती. ऐकताना मान खाली घालून ऐकायची.

मग दुभाषी बाई म्हणाली, मला तुमची बोली येत नाही, नसाब मराठीत चालवा. नाईक म्हणाले, चालवू. ते झेंड्याखाली बसले आणि सवयीनं म्हणाले, "लोटा आणा."

गावंडे साहेबांच्या कागदावर लोटा नव्हता. पण नाईकांनी जन्मभर नसाब लोट्याशिवाय बसवला नव्हता, त्यांच्या हाताला दुसरं माहीत नव्हतं. पाण्याचा लोटा आला, त्यांनी चिमूटभर मीठ त्यात टाकलं, तुझा हात लावला, माझा हात लावला. मिठावर आपले बाप जगले, म्हणून आपल्या तांड्यात शपथ मिठाची. जो खोटं बोलेल त्याचं घर असं विरघळेल.

मी लोट्याला हात लावला तेव्हा मनात काय आलं ते सांगतो. मी म्हटलं, हे मराठीत चाललं आहे. मराठीत बोललेलं नसाबात धरत नाहीत. खरंच असं वाटलं मला. तुला हसू येईल, पण हसू नको.

मी उभा राहिलो. समोर एक पांढऱ्या केसांची बाई बसली होती, तिच्या शहराची मुख्य. गुडघ्यावर वही. मी कागदावरचं पहिलं वाक्य बोललो, तिनं लिहून घेतलं. दुसरं बोललो, तिनं लिहायचं थांबवलं आणि माझ्या तोंडाकडे पाहत राहिली. आजूबाजूला तांडा बसलेला, परदेशचे पुढारी बसलेले, आणि मी यांच्यासमोर आता हरणार आणि पाया पडणार. ते माझ्यानं झालं नाही.

मी म्हटलं, "नाईक, ज्या साली पाणी नव्हतं, त्या साली सोमला बायकोले घेऊन तिच्या माहेरी गेलता. त्याची गाय माझ्या गोठ्यात चार महिने होती. चांद्या तिथं जन्मला. पाय अडकला होता, या हातांनी ओढला."

हे कागदावर नव्हतं. खरं मात्र होतं. तू मान वर करून माझ्याकडे पाहिलं.

"सोमला परत आला तेव्हा काय बोलला, त्याले विचारा."

"काय बोलला?" नाईकांनी मलाच विचारलं.

"बोलला, हरचंद, तू नसता तर हे वासरू नसतं. हे तुझंच हाय."

तांड्यात कोणी हसलं. असं तर सगळेच बोलतात. पाहुण्याला म्हणतात, घर तुमचंच आहे, म्हणून पाहुणा घर घेऊन जातो का? तू उपकार मानायला बोलला होता, हे मला तेव्हाही माहीत होतं आणि लोट्यापुढे उभा होतो तेव्हाही माहीत होतं.

नाईकांनी तुला विचारलं, "सोमला, तू असा बोलला होता?"

कागदाप्रमाणे तू सगळ्यालाच नाही म्हणायचं होतं. गावंडे साहेब मागून मान हलवून तुला नाही, नाही करत होते. तू लोट्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "बोललो होतो."

चार जाणते आपसात बोलले. नाईकांनी डोळे मिटून घेतले, मग सांगितलं, "बैल हरचंदचा."

दुभाषी बाईनं ते सांगितल्यावर पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. गावंडे साहेब आपल्या कागदाकडे पाहत राहिले.

त्या पांढऱ्या केसांच्या बाईनं टाळी वाजवली नाही. तिनं विचारलं, "जो हरला तो आता काय करील?"

तू म्हणाला, "काय करणार? उद्या सकाळी बैल याच्या दारी नेऊन बांधीन. सांजेले याच्याकडे तमाखू खायले येईन."

सगळे हसले. मीपण हसलो. बाई बराच वेळ लिहीत होती.

सकाळी मी दात घासत होतो, तर तू चांद्याला घेऊन उभा. माझ्या खुंट्याला बांधला आणि त्याच्या पाठीवर दोन थापा दिल्या.

"अबे सोमला, खेळ होता तो."

"मीठ टाकलतं."

"पण नसाब मराठीत होता ना?"

"मिठाले कोणती बोली समजते?" तू म्हणाला आणि निघाला. चाळीस पावलं. मी आवाज दिला असता तर ऐकू आलं असतं.

थावरा नाईक चार दिवसांनी माझ्याकडे आले. म्हणाले, "हरचंद, काही बोलायचं असन तर पुन्हा बैठक बसवतो." मी म्हटलं, कायले? बैल परत द्यायचा तर झेंड्याखाली उभं राहून म्हणावं लागलं असतं की मी खोटं बोललो. तेव्हा मी पंचावन्नचा होतो, आणि मी आयुष्यात हरलेलं भांडण तांड्यातल्या कोणाला आठवत नव्हतं. नाईक उठून गेले.

बैलाला नसाब समजला नाही. पहिल्याच दिवशी दावं तोडून तुझ्या अंगणात जाऊन उभा राहिला. मी आणायला गेलो. तू खाटेवरून न उठता म्हणाला, "तुझा बैल आला बघ." दाव्याला तू हात लावला नाही. आठ वर्षांत एकदाही लावला नाही. पण मी यायच्या आधी चांद्यापुढे कडब्याच्या दोन पेंड्या असायच्या. विचारलं तर म्हणायचा, "पडल्या असतीन."

मग तमाखू. मग मी काही बोलायचो, तू त्याच्या उलटं बोलायचा. महाराष्ट्र झाला तेव्हा आपण त्या खाटेवर तीन दिवस भांडलो, नागपूर मोठं का मुंबई. दोघांनीही मुंबई पाहिली नव्हती.

नांगराला तर दोन बैल लागतात. तुझ्याजवळ मोऱ्या, माझ्याजवळ चांद्या, माझा दुसरा बैल मी विकून टाकला. एक दिवस तुझं वावर, एक दिवस माझं. बैलांची जोडी पहिल्यासारखीच राहिली. गावंडे साहेब म्हणायचे, मग फरक काय पडला हो? दिवसा काहीच पडला नव्हता.

पुढच्या हिवाळ्यात त्याच सहलीची दुसरी तुकडी आली. नवे पुढारी, तीच वही. साहेबांनी पुन्हा नसाब मागितला. थावरा नाईक म्हणाले, आमचा नसाब आता दाखवायचा नाही. साहेब रागावले. तू मधे पडला, "साहेब, यंदा त्यायले कपाशी वेचाले लावा. त्यात कोणाचं काही जात नाई." आणि खरंच ते वेचायला लागले, बोटं ओरबाडून घेतली आणि फार खूष होऊन गेले.

त्यांच्याबरोबर त्या पांढऱ्या केसांच्या बाईनं एक फोटो आणि चिठ्ठी पाठवली होती. फोटोत मी हात वर करून उभा, तू बैलाजवळ बसलेला. तू फोटो उलटासुलटा करून पाहिला. "तू जोरदार दिसून राह्यला बे. मी काही हरल्यासारखा दिसत नाई."

चिठ्ठी साहेबांनी वाचून दाखवली. बाईनं आपल्या शहरात सभा घेतली होती. लोकांनी तिला भारताबद्दल पुष्कळ विचारलं, गरिबी, साप, राजे. तिनं सांगितलं की तो देश मला समजला असं मी म्हणणार नाही, पण तिथं मी एक हरलेला माणूस पाहिला. त्याला कोणी पोलीस न्यायला आला नाही, आणि उद्या सकाळी काय करायचं हे त्याला माहीत होतं.

मला राग आला. मी म्हटलं, "तिले काय माहीत? सगळं नाटक होतं, आणि ही तिकडे सभा घेऊन राह्यली."

तू तमाखू मळत होता. म्हणाला, "बाईनं बरोबर पाह्यलं."

"नाटक होतं ना बे!"

"हरचंद, एक सांग. लाख्या मेल्यापासून तू रोज माझ्या चांद्याकडे पाहत होता. तुले बैल पायजेच होता ना?"

मी उठलो. दावं घेतलं आणि तमाखू न खाता घरी आलो. तीन दिवस येऊन बैल घेऊन परत गेलो, बसलो नाही. चौथ्या दिवशी तू तमाखूची पिशवी खाटेच्या माझ्या बाजूला सरकवून ठेवली होती. मी बसलो. तू पुन्हा कधी विचारलं नाही. तांड्यात कोणाजवळ बोलला नाही, भोजाईजवळसुद्धा नाही, हे मला आता समजलं. सात वर्षं तू तो सवाल आपल्याजवळ ठेवला. दुसरा कोणी असता तर म्हणाला असता, उपकार केले. पण उत्तर माझ्याकडे बाकी होतं.

व्हय, सोमला. पायजे होता. पाहुणे नसते आले तर मी मागितला नसता. ते आले, खेळ म्हणून तोंड उघडायला मिळालं आणि आतलं बाहेर आलं.

विहीर झाली. तिचं पाणी गोड लागलं, हेही लिहून ठेवतो, कारण झालं ते सगळं वाईट झालं असं मी म्हणणार नाही.

तुझ्या तापाचे दिवस मी लिहीत नाही. फक्त एक सांजेचं. मी चांद्याला न्यायला आलो तर त्याच्यापुढं काही नव्हतं. तू डोळे उघडले. "चांद्याले पेंड्या टाक रे. मले उठवत नाई." इतक्या वर्षांत पहिल्यांदा कबूल झाला. मी दोन पेंड्या आणून टाकल्या आणि खाटेजवळ आलो. शब्द तोंडात होते, लहानसेच होते. तेवढ्यात भोजाई पाणी घेऊन आली. मी म्हटलं, "पाणी पी." तेवढंच म्हटलं.

तुझा तिसरा दिवस झाला तसा मी चांद्याला नेऊन तुझ्या खुंट्याला बांधला. भोजाई बाहेर आली, गाठ सोडली आणि दावं माझ्या हातात दिलं. "भिया, हा नसाबचा बैल हाय. मी ठेवला तर त्यायचा शब्द मोडते."

"भोजाई, बैल त्याचाच हाय."

"मग झेंड्याखाली सांगा. मले कायले सांगता?"

तिचं बरोबर आहे. थावरा नाईक आता नाहीत, त्यांचा पोरगा रूपसिंग नाईक आहे. त्याच्याकडे गेलो. म्हटलं, बैठक बसव.

"काका, कोणावर?"

"माझ्यावर."

तो हसला. मग माझ्या तोंडाकडे पाहून हसायचा थांबला. म्हणाला, "परवा सोमला काकाचा तेरावा. जेवणं झाली की बसू. पण काका, या वयात..."

"लोटा मोठा आण," मी म्हटलं. "आणि बोलणं आपल्या बोलीत. दुभाष्या नाई लागत."

मी लिहून काढतो त्याचं कारण हे. मी उभा राहून बोलायला लागलो की जिंकतो. तोंड माझं ऐकत नाही. परवासुद्धा समोर माणसं बसतील, माझ्याकडे पाहतील, आणि काय सांगावं, बोलता बोलता मी चांगला ठरून जाईन. एकदा गावंडे साहेबांच्या कागदाच्या बाहेर गेलो होतो. हा कागद माझा आहे. याच्या बाहेर जायचं नाही. वासरू सोमलानं मला दिलं नव्हतं. मला माहीत होतं. मला बैल पाहिजे होता. एवढी तीन वाक्यं आपल्या बोलीत सांगायची आणि बसायचं.

तू असता तर तिथंही माझ्याविरुद्ध बोलला असता. म्हणाला असता, नाही नाईक, मी दिलंच होतं. आणि आपलं पुन्हा लागलं असतं.

आता दिवस कलला आहे. मी दारात बसून लिहून राहिलो, दाव्याचा हिसका ऐकू आला तरी मान वर केली नाही. चांद्या गेला. तुझ्या अंगणात नेहमीच्या जागी उभा आहे, इथून दिसतो. भोजाई घरातून आली, आधी माझ्या दाराकडे पाहिलं. मी जागचा हललो नाही. ती गंजीकडे गेली, कडब्याच्या दोन पेंड्या आणून त्याच्यापुढं टाकल्या आणि आत गेली.

आज मी आणायला जात नाही.